एकसष्टाव्या पानानंतर

३ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

ओळी वाकड्या गेल्या असतील तर मान तिरपी करून वाच. पट्टी धरून, जाड निबाने, अंदाजाने लिहितोय. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. उजवा डोळा पट्टीखाली आणि डाव्याला नजरकैद. हा विनोद मी डॉक्टरीणबाईंना ऐकवला, त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त हुकूम काढला, की तीन महिने दिवसाला वीस मिनिटं वाचायचं, एक मिनिट जास्त नाही, आणि फोनच्या पडद्याकडे तर बघायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका काढण्यात जन्म गेला, वीस मिनिटांत माझं काय होणार? तर म्हणतात, तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, डोळ्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

लिहिण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आता तुझ्या पार्सलविषयी. तीन कथासंग्रह मिळाले. तिन्ही एकावर एक ठेवले तरी माझ्या हातातल्या कादंबरीच्या खांद्याला लागत नाहीत. ठके, तुला ठाऊक आहे, मी नऊशे पानांचा माणूस. कादंबरीत मी राहायला जातो. तीन आठवडे त्यांच्या घरचा होऊन जातो. आणि या हल्लीच्या कथा! घरात बोलावतात, चपला काढायला लावतात, बूड टेकतंय न टेकतंय तोच दिवा मालवून म्हणतात, या आता. एकाच्या मागच्या पानावर छापलंय की या कथा वाचकाला अस्वस्थ करून सोडतात. अगं, अस्वस्थ व्हायला मला डोळा पुरेसा आहे.

बाकी घरी ठीक. चिरंजीव लिफ्ट बसवत गावोगाव फिरतो, आठवड्यातून दोन दिवस घरी. सूनबाईची बसस्थानकात गाड्यांच्या घोषणा करण्याची पाळी सकाळची आहे. दुपारी तीनला येते. मग घरात ती आणि मी. आमचं बोलणं म्हणजे वेळापत्रकच. चहा ठेवलाय, औषध घेतलंत का, दार लावून घ्या. मुलगी चांगली आहे, पण तिचं तिच्यापाशी.

तुझी पत्रं मात्र मीच वाचणार, माझ्या वीस मिनिटांतून. तेव्हा बेतानं लिही.

तुझ्यावर लोभ आहेच, पुस्तकांच्या निवडीवर नाही.
तुझा दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास ठकीचा शि. सा. न.

बेतानं लिही म्हणे! साठ वर्षांत मला ते जमलेलं नाही, आता तुझ्या डॉक्टरीणबाईंसाठी शिकू? हे पत्र दोन दिवसांत विभागून वाच.

तुझा डोळा वाचला, हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता कथांचं ऐक. मी दातांच्या दवाखान्यात दारापाशी बसते, नावं पुकारते, तारखा देते. मधल्या वेळात वाचते. एक रूट कॅनाल म्हणजे एक पूर्ण कथा. साधी दाढ काढायची असली तर अर्धी. बाकांशेजारच्या फळीवर मी पाच-सहा संग्रह ठेवलेत. गेल्या आठवड्यात एक बाई तिसऱ्यांदा दात दुखतो म्हणून आल्या. आमचे डॉक्टर म्हणाले, बाई, दात ठणठणीत आहे. बाई हळूच म्हणाल्या, हो, पण त्या दिवशी तुम्ही फार लवकर आत बोलावलंत, माझी दोन पानं राहिली होती. अशी माणसं तयार करतात हो या तुझ्या खांद्याला न लागणाऱ्या कथा.

आणि खरं सांगू? हे गेल्यावर पहिलं वर्षभर मला कादंबरी धरवतच नव्हती. पन्नासाव्या पानावर गेले की कोण कुणाची कोण, सगळं पुसून जायचं. चूक कादंबरीची नव्हती. माझ्यातच तेवढी लांब दोरी उरली नव्हती. तेव्हा कुणीतरी हातात असा एक संग्रह दिला. दहा पानं. तेवढं जमलं. दुसऱ्या दिवशी आणखी दहा. या कथांतली माणसंही अशी, की आपल्या जिन्यावर भेटावीत. रात्रपाळीची नर्स, घटस्फोट झाल्यावर कुत्रा कुणाकडे राहील यावर भांडणारी दोघं, पार्सल चुकीच्या दारात ठेवून पस्तावणारा माणूस. त्यांना दहा पानांत मोक्ष मिळत नाही. आपल्याला तरी कुठे मिळतो? पण तेवढ्यात एखादी गोष्ट अशी सांगून जातात, की ती आपण कधी तोंडाने उच्चारलेली नसते.

आणि दादा, तुला कुणी घराबाहेर काढत नाही रे. शहाण्या पाहुण्यानं वेळ ओळखून आपणच उठायचं असतं. तीन आठवडे मुक्काम ठोकणाऱ्याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे.

तेव्हा असं कर. वीस मिनिटं माझ्या पत्रांना ठेव आणि कथा सूनबाईकडून वाचून घे. शहरातला सगळ्यात स्वच्छ आवाज तुझ्या स्वयंपाकघरात चहा गाळतोय आणि तू त्याच्याकडून फक्त दार लावून घेतोस. विचारायला लाजू नकोस. नाही म्हणाली तर मला कळव, मी दोघांनाही रागावीन.

डोळ्याला जप आणि माझ्यावर माया असू दे.
तुझीच
ठकी

२० फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तू जिंकलीस असं समजू नकोस, पण विचारलं. दोन दिवस ओठांशी येऊन परत जात होतं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हटलं, तुला सवड असली तर, म्हणजे बघ, नसली तरी चालेल. ती म्हणाली, बाबा, काय पाहिजे ते सरळ सांगा ना. मग सांगितलं. लगेच हात पुसून बसली.

ठके, काय तो आवाज! पहिलं वाक्य ऐकलं आणि मी पिशवी उचलून उठणारच होतो. एक एक शब्द सुटा, प्रत्येक वाक्यानंतर नेमका तेवढाच थांबा. त्या कथेत बायको नवऱ्याला सोडून जाते. सूनबाईनं ते असं वाचलं, की मी न राहवून विचारलं, कुठल्या फलाटावरून? आणि ती जी हसायला लागली, की पुस्तक मांडीवरून घसरलं. चार वर्षं ती या घरात आहे. तिचं असं हसू मी ऐकलेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आता ती घरचा आवाज काढून वाचते. तरी वाक्य लांबलं, की मधेच गाडी सुटते.

मी माझा धंदा सोडलेला नाही. ती अडखळली, की मी म्हणतो, छपाईची चूक. ती बघते आणि म्हणते, हो, वेलांटी चुकली आहे. कानाने मुद्रितं तपासणारा मी जगातला पहिलाच असेन.

पण शेवटांविषयी माझी तक्रार कायम आहे. दोन भाऊ बापाच्या वस्तू वाटून घेतात, शेवटी एक जुना रेडिओ उरतो, धाकटा तो चालू करतो आणि संपली कथा. अरे, मग रेडिओ कुणी नेला? सूनबाई म्हणते, कुणीच नाही, दोघं ऐकत बसले असणार. मी म्हटलं, अशक्य, धाकटे भाऊ लबाड असतात. तिनं विचारलं, तुम्ही थोरले ना? जेवण होईपर्यंत आमचा वाद चालला. भाजीत मीठ कमी होतं हे दोघांच्याही शेवटच्या घासाला लक्षात आलं. आता ती तीनला येते आणि मी पावणेतीनपासून पुस्तक हातात धरून बसलेला असतो. हे तू कुणाला सांगू नकोस.

पहिला संग्रह संपला. तपकिरी कव्हरचा आता घेऊ का?

बहिणीवर असतो तितका लोभ आहे, त्यात काटछाट नाही.
तुझा दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास ठकीचा शि. सा. न.

पावणेतीनपासून! मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त आमच्या डॉक्टरांना, मदतनीस मुलीला आणि त्या दात न दुखणाऱ्या बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, तुमच्या भावाला आमच्यात घ्या.

तुझा वाद ऐकून मजा वाटली. कथा जिथे थांबते तिथून पुढे घरातली माणसं बोलायला लागतात, हे मला तुला केव्हाचं सांगायचं होतं. तुझी कादंबरी सगळं स्वतःच बोलून टाकते, मग ऐकणाऱ्याला काय उरतं? आणि हो, रेडिओ थोरल्यानं नेला. थोरले भाऊ काय चीज असतात, ते मला विचार.

तपकिरी कव्हरचा जरूर घ्या. लिहिणारी तिशी-पस्तिशीची असावी, पण माणसं ओळखते. त्यातली चौथी कथा सोडू नकोस. शिवणकाम करणाऱ्या एका बाईची आहे. ती वाचून झाल्यावर मी दोन पेशंटांची नावं उलटी पुकारली आणि ज्याची नुसती तपासणी होती तो खुर्चीत जाऊन भूल घ्यायला तयार झाला. अजून काही सांगत नाही.

सूनबाईला माझा आशीर्वाद. तिला म्हणावं, म्हातारा फार शहाणपणा करायला लागला तर पुढच्या थांब्यावर उतरवून दे.

आहे तसाच लोभ राहू दे, चिडवलं म्हणून कमी करू नकोस.
तुझीच
ठकी

९ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

आज मी हार मानतो. कुठे थांबावं हे कळणारी लेखिका शेवटी भेटली.

चौथी कथा झाली. काय कथा आहे! ती बाई दिवसभर लोकांचे कपडे शिवते, गिऱ्हाइकांशी गप्पा मारते, सगळ्यांची मापं तिला पाठ. आणि कपाटाच्या खालच्या खणात कागदात गुंडाळून एक झबलं ठेवलंय. पांढरं, गळ्याला हिरवी दोरी. कुणासाठी शिवलं, का ठेवलं, अक्षरानं सांगत नाही. मग एक दिवस अस्तराचं कापड शोधताना ते पुडकं बाहेर पडतं, समोर बसलेली गिऱ्हाईक बाई ते उचलते, म्हणते, किती सुंदर, हे विकायचं आहे का? आणि बस्स! तिथेच संपली. एका प्रश्नावर! पुढे एक शब्द नाही. मी आरामखुर्चीत ताठ बसलो. म्हटलं, व्वा. रेडिओवाल्याला हिच्याकडे शिकवणीला पाठवा.

सूनबाईनं वाचलंही सुरेख, अगदी हळू. दोनदा अडखळली. मी विचारलं, छपाईची चूक का? तर हो म्हणाली. त्या प्रश्नावर येऊन तिनं पुस्तक मिटलं, गॅसवर काही ठेवलंय म्हणून आत गेली. मी बाहेरूनच तिला या शेवटावर व्याख्यान दिलं. चांगलं पंधरा मिनिटं. म्हटलं, बघ, न बोलण्यात किती ताकद असते.

त्यानंतर चार दिवस वाचन बंद आहे. तिला दुपारचीही पाळी लागली आहे म्हणे. कुणीतरी रजेवर आहे. मी पावणेतीनला उगाच पुस्तक घेऊन बसतो आणि ठेवून देतो. तपकिरी पुस्तक पुढे वाचायचं तर एकसष्टाव्या पानावर खूण घातलेली आहे, पण माझ्या वाट्याची वीस मिनिटं मी तुझ्या पत्रासाठी राखून ठेवली आहेत. तेव्हा लवकर लिही आणि माझा पराभव साजरा कर.

जिंकलेल्या बहिणीलाही आशीर्वाद.
तुझा दादा

१४ मार्च

ती. दादास शि. सा. न.

या पत्रात चेष्टा नाही. निवांत बसून वाच, आणि एकट्यानं.

दादा, ती कथा एकसष्टाव्या पानावर संपत नाही. पासष्टाव्यावर संपते. विकायचं आहे का, या प्रश्नानंतर आणखी चार पानं आहेत. ते झबलं कुणासाठी होतं हे ती बाई त्या चार पानांत सांगते. ज्याच्यासाठी शिवलं ते जन्माला आलं नाही, आणि घरात त्याविषयी कुणी तिला कधी विचारलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

मला काहीही ठाऊक नाही. कुणी काही सांगितलेलं नाही. सूनबाई नुसती दमली असेल, पानं चिकटली असतील, असंही असेल. पण तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि दवाखान्यात कुणाचं नाव पुकारायचं होतं ते विसरले. कथा वाचा म्हणून मीच सांगितलं होतं, ते मला बोचतंय. तसं काही असेल तर तेव्हा मीही कुठे होते? हे गेल्यापासून सगळेजण माझ्याशी जपूनच बोलतात. मला कोण काय सांगणार?

तू तिला सरळ जाऊन विचारू नकोस. तू विचारतोस तेव्हा उलटतपासणी घेतल्यासारखं वाटतं, हे मी लहानपणापासून सांगते आहे. गप्पही बसू नकोस. यातून वाट कशी काढायची ते मला कळत नाही. तुला कळेल.

तुझी
ठकी

१९ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. वीस मिनिटांची गरज पडली नाही. दुसऱ्या परिच्छेदातच मला सगळं कळलं.

गेल्या ऑगस्टात सूनबाई अकरा दिवस घरी होती. चिरंजीव तेव्हा चार दिवस रजा काढून आला होता. मी कारण विचारलं तर म्हणाला, पोटाचं दुखणं आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. मी मान डोलावली. हिशेबानं मला पुढचं विचारायला हवं होतं. मी चाळीस वर्षं एकेका ओळीत काय गळलंय ते शोधत आलो आणि माझ्या घरात एवढं मोठं गळलं, तरी मला दिसलं नाही.

आणि त्याहून वाईट सांगतो. सातव्या की आठव्या दिवशी ती दारापाशी आली, भिंतीला हात धरून उभी होती. मी वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हटलं, काय गं, बसस्थानक विकलं की काय? आवाज सुट्टीवर गेलेला दिसतो. मला ते विनोदी वाटलं होतं. ती पाणी घेऊन आत गेली. ठके, मी पुढे वाचत बसलो. अग्रलेख होता, तेही मला आठवतंय.

तुझी वहिनी असती तर तिला पहिल्या दिवशी कळलं असतं. ती नाही, म्हणून या घरात कळण्याचं काम कुणाचंच राहिलं नाही.

आणि मी परवा त्या पोरीला, तिच्या पाठीला, न बोलण्यात किती ताकद असते ते समजावून सांगत होतो.

चिरंजीवाला फोन करून विचारावं असं एकदा वाटलं. मग वाटलं, नको. त्याच्या मार्फत कशाला? एक गोष्ट मनात आली आहे. जमेल की नाही माहीत नाही. जमलं तर कळवीन, नाही जमलं तरी कळवीन.

दादा

३० मार्च

ती. आत्यांस सा. न. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. चुका असतील तर पोस्टात टाकण्याआधी बाबा काढतीलच असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, हे मी बघणार नाही, तुझं आणि तिचं आहे. त्यांना तुमच्याकडे कळवायचं होतं. मीच म्हटलं, मी लिहिते.

मागच्या शुक्रवारी मी घरी आले तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर तपकिरी पुस्तक, भिंग आणि डॉक्टरांनी सांगितल्यापासून वापरतात ते वीस मिनिटांचं घड्याळ. मला म्हणाले, या कथेची चार पानं राहिली आहेत असं मला कळलंय. तू मला इतके दिवस वाचून दाखवलंस, ही चार मी तुला वाचून दाखवू का? नको असेल तर पुस्तक वर ठेवून देतो आणि पुन्हा विषय काढणार नाही. मी हो म्हटलं नाही. पण खुर्ची ओढून बसले.

आत्या, तुम्ही त्यांना वाचताना ऐकलंय का? डाव्या डोळ्यापुढे भिंग धरून, एकेक अक्षर सुटं करत. आणि छापखान्यात म्हणे एक जण मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा पडताळून बघायचा, म्हणून विरामचिन्हंसुद्धा बोलायची सवय. ती त्यांच्या लक्षातही येत नाही. हे कुणासाठी शिवलं होतं प्रश्नचिन्ह. एका लेकरासाठी स्वल्पविराम जे आलंच नाही पूर्णविराम. मला पहिल्यांदा हसू आलं. मग हसता हसता रडू आलं, आणि ते थांबेना. त्यांनी वर पाहिलं नाही. अवतरणचिन्ह सुरू म्हणाले आणि वाचत राहिले. त्यांचाही आवाज दोन-तीनदा गेला. खाकरून पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून.

तिसऱ्या पानावर घड्याळ वाजलं. मी म्हटलं, बाबा, पुरे, डोळ्याला त्रास होईल. ते म्हणाले, उद्याची वीस मिनिटं आज घेतो, डॉक्टरीणबाईंना मी बघून घेईन. पण त्यांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं, कशामुळे ते काय सांगू. शेवटी पुस्तक मी माझ्याकडे घेतलं आणि शेवटचं अर्धं पान मी वाचलं. ती बाई गिऱ्हाइकाला सांगते, की हे विकायचं नाही, पण बघायचं असेल तर बघा. आणि ते झबलं टेबलावर उलगडून ठेवते, हाताने सुरकुत्या काढते. दोघी बघत बसतात. तिथे संपते. बाबांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, हो, इथेच संपायला हवी होती, मी उगाच पंधरा मिनिटं बडबडलो.

मग मी त्यांना सांगितलं. चौथा महिना लागला, की बाबांना सांगायचं असं आमचं ठरलं होतं. त्याच्या नऊ दिवस आधी सगळं संपलं. दिवस गेलेत हेच सांगितलं नव्हतं, तर मग गेले ते कसं सांगणार? यांना मीच गप्प राहायला सांगितलं, त्यांच्यावर राग धरू नका. त्यांनाही पुष्कळ सोसावं लागलं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून रडत असतील, मला काही दाखवलं नाही.

बाबांनी ऑगस्टातल्या त्या विनोदाची माफी मागितली. मी, छे छे, माझ्या लक्षातही नाही, असं म्हणणार होते. तसं म्हटलं नाही. ते वाक्य मला लागलं होतं, फार दिवस लागत राहिलं होतं, असं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, सबब सांगितली नाही. बरं वाटलं, आत्या. खोटं कशाला बोलू?

तुम्हाला बोचतंय असं त्यांनी सांगितलं. तसं वाटून घेऊ नका. ती कथा मी त्यांच्या आधीच वाचली होती. मी नेहमी रात्री ते झोपल्यावर पुढची कथा वाचून ठेवते, म्हणजे त्यांच्यापुढे अडखळायला नको. एकसष्टाव्या पानापुढे मला मोठ्यानं वाचता येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी ती सोडून पाचवी काढली नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. कुणीतरी हे आधी लिहून ठेवलंय, छापलंय, लोक दाताच्या दवाखान्यात बसून ते वाचताहेत, याचा मला आधार वाटला. माझ्या तोंडाने मी चार वाक्यंसुद्धा जुळवू शकले नसते.

आता पुन्हा तीनला वाचन सुरू आहे. दुपारची पाळी वगैरे काही नव्हती, मी बसस्थानकातच बसून राहत होते. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, नुकसान झालेलं नाही, पण त्या बाबांना रागावल्या. बाबांनी त्यांनाही एक संग्रह वाचायला दिला आणि म्हणाले, तुमच्यासारख्या घाईतल्या माणसांसाठी असतात या. तिसरं पुस्तक अर्ध्यावर आलंय, आणखी पाठवा. जाड नको.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी सगळं बोलून झाल्यावर मी चहा ठेवायला उठले, तेव्हा बाबांनी विचारलं, काही नाव ठरवलं होतं का? आत्या, डॉक्टरांनी वजन विचारलं होतं, आठवडे विचारले होते. नाव कुणी विचारलं नव्हतं. ठरवलं होतं. मुलगा किंवा मुलगी, दोन्हीला चालेल असं एकच. मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते एकदा उच्चारून पाहिलं, छान आहे म्हणाले.

तुम्ही उन्हाळ्यात याल ना, तेव्हा तुम्हालाही सांगेन.

तुमची माया अशीच राहो.
तुमची
सूनबाई